बॅलन्स आउट : दोन पारड्यांचं क्रियापद



घरखर्चाची चर्चा असो, ऑफिसातली मीटिंग असो की टीव्हीवरची मॅच, एक इंग्रजी वाक्य हमखास कानावर पडतं : 'डोंट वरी, इट ऑल बॅलन्सेस आउट.' म्हणजे, काळजी नको, शेवटी सगळं सारखंच होतं. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तिथेच मिटतो.

आज आपल्या सदरात हेच क्रियापद घेऊ या : 'बॅलन्स आउट'. अर्थ कठीण नाही, पाच मिनिटांत कळेल. पण हे क्रियापद नुसतं काही सांगत नाही, ते हिशेब मांडतं. म्हणून ते कसं वापरायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच दुसऱ्याने वापरलं की काय तपासायचं हेही महत्त्वाचं. आज दोन्ही शिकू.

आधी तराजू डोळ्यांसमोर आणा

'बॅलन्स' हा शब्द मूळ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी असलेल्या 'बायलँक्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'दोन पारडी असलेला'. 'बाय' म्हणजे दोन आणि 'लँक्स' म्हणजे ताट किंवा पारडं. थोडक्यात, हा शब्द म्हणजे आपला तराजूच.

आता त्याला चिकटलेलं 'आउट'. इथे त्याचा अर्थ 'बाहेर' असा घ्यायचा नाही. 'वर्क आउट', 'सॉर्ट आउट', 'ईव्हन आउट' यांतलं 'आउट' काम शेवटाला गेल्याचं दाखवतं. तसंच इथेही. आधी पारडी वरखाली होत होती, आता दांडी आडवी होऊन थांबली. ही क्रिया पूर्ण झाली, की इंग्रजीत म्हणतात, 'इट बॅलन्स्ट आउट.'

म्हणून एक खूणगाठ बांधा : जिथे दोन बाजू आहेत आणि त्या एकमेकींच्या तोडीस तोड होतात, तिथेच 'बॅलन्स आउट' शोभतं. एकच बाजू असेल, तर दुसरा शब्द शोधा.

तीन मुख्य वापर

पहिला, आपोआप होणारी बरोबरी. यात कुणी मुद्दाम काही करत नाही, कालांतराने हिशेब जुळतो.

'सम मंथ्स वी स्पेंड मोर, सम मंथ्स लेस, बट इट बॅलन्सेस आउट ओव्हर द इयर.'
काही महिने जास्त खर्च होतो, काही महिने कमी, पण वर्षभरात बरोबरी होते.

'द गेन्स अँड लॉसेस बॅलन्स्ट आउट.'
नफा-तोटा सारखाच झाला.

या वापरात सोबत बहुधा काळ दाखवणारे शब्द येतात : 'ओव्हर टाइम', 'इन द लाँग रन', 'इन द एंड'. ते जोडलेत तर वाक्य अधिक नैसर्गिक वाटेल.

दुसरा, मुद्दाम साधलेला तोल. एक बाजू जड झाली आहे, म्हणून दुसऱ्या बाजूला काहीतरी घालायचं. याचं सोपं उदाहरण आपल्या आमटीत आहे. चिंच जास्त पडली तर आपण काय करतो? गुळाचा खडा टाकतो.

'आय ॲडेड सम जॅगरी टु बॅलन्स आउट द टॅमरिंड.'
चिंचेचा आंबटपणा तोलायला मी थोडा गूळ घातला.

'द हाय रेंट इज बॅलन्स्ट आउट बाय द शॉर्ट कम्यूट.'
भाडं जास्त आहे, पण ऑफिस जवळ असल्यामुळे ते भरून निघतं.

तिसरा, दोन माणसांचे स्वभाव. नवरा बोलघेवडा आणि बायको मोजकं बोलणारी. किंवा एक मैत्रीण लगेच उडी घेणारी आणि दुसरी दहा वेळा विचार करणारी. अशा जोडीला इंग्रजीत म्हणतात :

'दे बॅलन्स ईच अदर आउट.'
दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, एकाचं कमी ते दुसऱ्याचं जास्त.

हे कौतुकाचं वाक्य आहे. लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत बिनधास्त वापरा.

शब्द कुठे बसवायचा?

इथे अनेकांची गाडी अडते, म्हणून नियम नीट पाहून घ्या.

वस्तूचं नाव असेल तर ते 'आउट'च्या आधी किंवा नंतर, दोन्हीकडे चालतं. 'बॅलन्स आउट द टॅमरिंड' बरोबर आणि 'बॅलन्स द टॅमरिंड आउट' हेही बरोबर. पण 'इट', 'देम' यांसारखं सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. 'बॅलन्स इट आउट' बरोबर. 'बॅलन्स आउट इट' चूक.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे मधे 'इज' घुसडणं. मराठीत आपण 'बॅलन्स होतं' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'इट इज बॅलन्स आउट' असं तोंडात येतं. ते चूक. 'इट बॅलन्सेस आउट' म्हणा. 'इज' वापरायचाच असेल तर वर भाड्याच्या वाक्यात आहे तसं 'इज बॅलन्स्ट आउट बाय' असं पूर्ण रूप हवं.

आणि उच्चार. जोर पहिल्या अक्षरावर, 'बॅ'वर. भूतकाळात शेवटी 'ड' लिहिला जात असला तरी ऐकू येतो 'ट' : 'बॅलन्स्ट'. भरभर बोलताना दोन्ही शब्द जोडले जातात आणि 'बॅलन्साउट' असं ऐकू येतं. 'बॅलन्स इट आउट' हे तर 'बॅलन्सिटाउट' होऊन जातं. इंग्रजी सिनेमा बघताना कान देऊन ऐका, सापडेल.

आपला मराठी 'बॅलन्स' वेगळाच

गंमत अशी, की 'बॅलन्स' हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो, पण बहुतेक वेळा 'शिल्लक' या अर्थाने. 'फोनचा बॅलन्स संपला', 'खात्यात बॅलन्स किती आहे?' पैशांच्या बाबतीत इंग्रजीतही हा अर्थ आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण मग आपण 'थोडं काम बॅलन्स आहे', 'दोन पोळ्या बॅलन्स आहेत' असंही म्हणू लागतो आणि तेच इंग्रजीत नेतो. 'टू चपातीज आर बॅलन्स' हे परदेशातल्या ऐकणाऱ्याला कळणार नाही, त्याला पोळ्या कशावर तरी तोलून धरल्यासारख्या वाटतील. तिथे 'टू चपातीज आर लेफ्ट' म्हणा. कामाबद्दल 'सम वर्क इज स्टिल पेंडिंग' म्हणा.

उलट मराठीत एका 'बॅलन्स'साठी किती नेमके शब्द आहेत पाहा. चालताना जातो तो तोल. खात्यात उरते ती शिल्लक. आहार असतो समतोल किंवा चौरस. कंपनीचा बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. दोघांनी एकमेकांचं देणं फेडलं की झाली फिटंफाट. इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ लावताना सगळीकडे 'संतुलन' चिकटवू नका, यातला नेमका शब्द निवडा.

आणि एक शब्द तर खास 'बॅलन्स आउट'साठीच घडवल्यासारखा आहे : पासंग. जुन्या तराजूची रिकामी पारडीसुद्धा कधी कधी सारखी नसत. मग दुकानदार हलक्या बाजूला एखादं छोटं वजन, कधी नुसता दगडाचा तुकडा बांधून दांडी सरळ करत असे. तो तुकडा म्हणजे पासंग. 'तो तिच्या पासंगालाही पुरणार नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा अर्थ असा, की तराजूतलं फरक भरून काढणारं ते चिमुकलं वजन होण्याचीही त्याची योग्यता नाही. इंग्रजीत पासंगासारख्या भरीच्या वजनाला 'मेकवेट' म्हणतात.

जवळची भावंडं, पण स्वभाव वेगळे

'बॅलन्स आउट'च्या जागी लोक बरेचदा दुसरे शब्द वापरतात. फरक लक्षात ठेवा.

'कॅन्सल आउट' : दोन्ही बाजू एकमेकींना पुसून टाकतात, हाती शून्य उरतं. अधिक पाच आणि उणे पाच. आवाज कमी करणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन याच तत्त्वावर चालतात, ते बाहेरच्या आवाजाला उलटी ध्वनिलहर तयार करतात. आमटीत मात्र चिंच आणि गूळ दोन्ही लागतात, पुसलं काहीच जात नाही. म्हणून तिथे 'बॅलन्स आउट'.

'मेक अप फॉर' : एक उणीव आहे आणि तिची भरपाई होते. 'ही मेड अप फॉर द लॉस्ट टाइम.' वाया गेलेला वेळ त्याने भरून काढला.

'ईव्हन आउट' : चढउतार कमी होऊन सारखेपणा येतो. त्वचेचा रंग एकसारखा करण्याचा दावा करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीत हाच शब्द असतो. फुटबॉलच्या मॅचमध्ये रेफरीचे चुकलेले निर्णय हंगामाच्या शेवटी सारखे होतात, असं म्हणायलाही समालोचक हाच शब्द वापरतात.

'लेव्हल आउट' : चढणं किंवा उतरणं थांबून पातळी स्थिर होते. उड्डाणानंतर ठरावीक उंचीवर विमान सरळ होतं, ते 'लेव्हल्स आउट'.

'ॲव्हरेज आउट' : सरासरी येते. 'इट ॲव्हरेजेस आउट टु टू हंड्रेड रुपीज अ डे.' रोजचे सरासरी दोनशे रुपये पडतात.

एक बारकावा : हिशेबाच्या वह्या जुळल्या तर 'आउट' लागत नाही. 'द बुक्स बॅलन्स' एवढंच पुरतं.

नाणं काही भरपाई करत नाही

आता थोडं सावध होऊ या. 'बॅलन्स आउट' हा शब्द एका ठिकाणी भल्याभल्यांना फसवतो, ते ठिकाण म्हणजे नशीब.

समजा, तुम्ही नाणं दहा वेळा उडवलं आणि आठ वेळा छापा आला. आता मनात येतं, 'पुढे काटे जास्त येणार, बॅलन्स आउट व्हायला हवं ना!' पण नाण्याला मागचं काही आठवत नाही. पुढच्या प्रत्येक वेळी शक्यता निम्मी-निम्मीच.

मग शंभर वेळा उडवल्यावर छाप्यांचं प्रमाण पन्नास टक्क्यांजवळ का येतं? हिशेब करून पाहा. पुढच्या 90 वेळांत साधारण 45 छापे आले असं धरू. आधीचे 8 मिळून झाले 53. म्हणजे 80 टक्क्यांवरून 53 टक्के. आणखी 900 वेळा उडवलं, त्यात 450 छापे आले, एकूण 503. म्हणजे 50.3 टक्के. आता नीट बघा : सुरुवातीला निम्म्याहून 3 छापे जास्त होते, शेवटीही 3च जास्त आहेत. कुणी भरपाई केलीच नाही. एवढ्या मोठ्या आकड्यात ते 3 नगण्य झाले, इतकंच. याला 'ॲव्हरेज आउट' म्हणता येईल, पण हरवलेलं परत आलं असं नाही.

हे व्याकरण नाही, खिशाचा प्रश्न आहे. लॉटरीत किंवा मोबाइलवरच्या पैसे लावण्याच्या खेळात सलग हरलेला माणूस हेच म्हणतो : 'आता माझी पाळी, बॅलन्स आउट होईल.' होत नाही. हरलेल्या पैशांसाठी दुसऱ्या पारड्यात कुणीही काही टाकत नसतं. घरातल्या मुलांना हे नाण्याचं उदाहरण जरूर दाखवा, कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत होतं.

वाक्य कुणाच्या तोंडी आहे?

आता या क्रियापदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती व्याकरणाच्या पुस्तकात सहसा नसते.

कल्पना करा, आई-वडील थकले आहेत. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला, दरमहा पैसे पाठवतो. मुलगी त्याच गावात, दवाखाना, औषधं, रात्रीची जाग सगळं तिच्याकडे. फोनवर दादा म्हणतो, 'आय सेंड मनी, यू गिव्ह टाइम, सो इट बॅलन्सेस आउट.'

वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध. पण हेच वाक्य ताईने म्हटलं असतं तर? 'तू पैसे पाठवतोस ना दादा, मग इट बॅलन्सेस आउट.' शब्द तेच, पण आता तो समजूतदारपणा झाला, कृतज्ञता झाली. दादाने स्वतःच म्हटलं की मात्र ती हिशेबवही मिटवण्याची घाई वाटते. दादा वाईट आहे असं नाही, त्याचे पैसेही कष्टाचेच. पण पैसे आणि रात्रीची जाग एकाच तराजूत घालायची, तर वजन किती हे जाग काढणाऱ्याला आधी विचारायला नको का?

म्हणून एक साधा संकेत पाळा. ज्याच्या बाजूला भार जास्त असू शकतो, त्याने 'इट बॅलन्सेस आउट' म्हणावं. दुसऱ्याने विचारावं : 'डझ इट बॅलन्स आउट फॉर यू?' म्हणजे, तुला हे बरोबरीचं वाटतं का? एवढ्या एका प्रश्नचिन्हाने वाक्याचा सूर बदलतो.

ऑफिसातही तेच. साहेब म्हणतात, 'यू वर्क लेट नाउ, बट इट विल बॅलन्स आउट लेटर.' इथे दुसऱ्या पारड्यात काय आहे? 'लेटर'. नंतर म्हणजे कधी, किती, हे ठरलेलं नाही. एक पारडं भरलेलं आणि दुसऱ्यात नुसता शब्द. तराजूच्या काट्यात चलाखी केली तर आपण 'काटा मारला' म्हणतो. बोलण्यातही काटा मारता येतो, आणि तो इंग्रजीत मारला की पटकन लक्षात येत नाही.

नम्रपणे कसं विचाराल?

भांडायची गरज नाही. ही वाक्यं पाठ करून ठेवा.

'आय ॲम नॉट शुअर इट बॅलन्सेस आउट.'
मला हे बरोबरीचं होतंय असं वाटत नाही.

'कॅन वी लुक ॲट बोथ साइड्स?'
दोन्ही बाजू एकदा पाहू या का?

'हाऊ विल इट बॅलन्स आउट, अँड बाय व्हेन?'
बरोबरी कशी होईल आणि कधीपर्यंत?

'व्हॉट कॅन वी डू टु बॅलन्स इट आउट?'
तोल साधायला काय करता येईल?

शेवटचं वाक्य घरात वापरायला उत्तम. त्यात तक्रार नाही, उपाय शोधण्याचं आमंत्रण आहे. वरच्या उदाहरणातली ताई हेच विचारू शकते. मग कदाचित दादा वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस येऊन राहील, किंवा रात्रीसाठी मदतनीस ठेवायचा खर्च उचलेल. असा पासंग हलक्या पारड्याला लागला, की मग त्या क्रियापदाला खरा अर्थ येईल.

करून पाहा

रिकाम्या जागी 'बॅलन्स आउट', 'कॅन्सल आउट', 'मेक अप फॉर' किंवा 'लेव्हल आउट' यांपैकी योग्य शब्द योग्य रूपात भरा.

1. माय सिस्टर इज काम अँड आय ॲम शॉर्ट टेम्पर्ड, सो वी ---- ईच अदर ----.
2. द प्लेन क्लाइम्ड अँड देन ----.
3. आय विल कम ऑन संडे टु ---- मिसिंग युअर बर्थडे.
4. प्लस टेन अँड मायनस टेन ---- ईच अदर ----.
5. द करी इज टू स्पायसी. ॲड सम कोकोनट मिल्क टु ---- इट ----.

उत्तरं : 1. बॅलन्स, आउट (दोन स्वभाव, दोन्ही कायम राहतात). 2. लेव्हल्ड आउट (चढणं थांबलं). 3. मेक अप फॉर (उणिवेची भरपाई). 4. कॅन्सल, आउट (उरलं शून्य). 5. बॅलन्स, आउट ('इट' मध्येच बसतं, विसरू नका).

पाचही बरोबर आली तर शाबास. एखादं चुकलं असेल तर भावंडांचा भाग पुन्हा एकदा वाचा.

आणि आज रात्री जेवताना एक छोटा गृहपाठ. घरातली कामं कोण कोण करतं, ते दोन रकान्यांत लिहा आणि खाली एकच प्रश्न विचारा : 'डझ इट बॅलन्स आउट?' उत्तर आधी त्या व्यक्तीने द्यायचं, जिच्या रकान्यात कामं जास्त आहेत.

पुढच्या भेटीत तराजूच्याच घरातलं दुसरं क्रियापद घेऊ : 'वे अप', म्हणजे निर्णय घेण्याआधी दोन्ही बाजू तोलून पाहणं. तोवर बोलत राहा, चुकलं तरी बोलत राहा!